हजारो मैल तीर्थयात्रा करून ख्रिस्ताच्या दारी : पंडिता रमाबाईंची गोष्ट

सास्तूर (ता. लोहारा), विशेष लेख : सास्तूर, लोहारा, उमरगा भागातली कितीतरी पोरं कामाला पुण्यात आहेत. सोलापूरहून रेल्वेने पुण्याला निघालं की दौंड गेल्यावर थोड्या वेळाने केडगाव नावाचं एक लहान स्टेशन लागतं. बऱ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत, खिडकीतून पाटी दिसते आणि मागे पडते. रस्त्याने गेलात तर पाटस ओलांडल्यावर चौफुला येतो, तिथून आत केडगाव. या गावात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने माळरानावर विहिरी खोदून, फळझाडं लावून दुष्काळातल्या जवळपास दोन हजार बायकापोरींना आसरा दिला होता. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. ५ एप्रिल ही त्यांची पुण्यतिथी.

शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव येतं, पण एखाद्या ओळीपुरतं. संस्कृतच्या पंडिता होत्या, विधवांसाठी शारदा सदन काढलं, एवढं सांगून पुस्तक पुढे सरकतं. त्यांनी धर्म का बदलला, त्यापायी काय काय ऐकून घेतलं, आणि बदलल्यानंतरही त्यांचं भांडण का मिटलं नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. विषय नाजूक आहे म्हणून असेल. पण ही गोष्ट आपल्यासारख्या दुष्काळ पाहिलेल्या, तीर्थयात्रा मानणाऱ्या मुलखातल्या माणसाला नीट कळण्यासारखी आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि अतिशय कर्मठ ब्राह्मण. स्नान, संध्या, उपवास, सोवळं यात तसूभर इकडेतिकडे नाही. पण या कर्मठ माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट उलटी बसली होती. बायकांनी संस्कृत शिकायला काहीच हरकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पुण्यात ज्या गुरूंकडे ते शिकले ते पेशव्यांच्या घरी जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. तेव्हापासून हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. पहिल्या बायकोला शिकवायला गेले तर घरच्यांनी होऊ दिलं नाही. ती पुढे वारली. मग यात्रेत गोदावरीकाठी एका ब्राह्मणाची गाठ पडली. त्याने आपली नऊ वर्षांची लेक या चाळिशी उलटलेल्या शास्त्रीबुवांना देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. त्या काळी हे असंच चालायचं. ती मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई.

शास्त्रीबुवांनी तिला शिकवायला घेतलं तशी भावकी उठली. बाईला देवभाषा शिकवतो म्हणून धर्मपंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. तिथे त्यांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले. तरी रोजची कटकट नको म्हणून ते बायकोला घेऊन पश्चिम घाटातल्या गंगामूळ नावाच्या जंगलात, आताच्या कर्नाटकात, जाऊन राहिले. रमाबाई तिथेच जन्मल्या.

पुढे पैसा संपला. पाहुणे, विद्यार्थी, येणारेजाणारे साधू यांना घालून घालून घर रिकामं झालं. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब बाहेर पडलं ते कायमचंच. एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्राला पायी जायचं, देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगायचं, पुढ्यात पडेल ते पैसे-धान्य घ्यायचं आणि त्यातलंही बरंच दान करून टाकायचं, असं त्यांचं आयुष्य झालं. आई पहाटे उठवून लेकीला श्लोक पाठ करायला लावायची. बारा-पंधरा वर्षांच्या वयात या मुलीला हजारो श्लोक तोंडपाठ होते. मोठ्या बहिणीचं लग्न लहानपणीच लावून पस्तावलेल्या वडिलांनी हिचं लग्न मात्र लावलं नाही.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमाराचा, मद्रास इलाख्यातला. बहात्तरचा दुष्काळ आठवणारी म्हातारी माणसं आपल्या गावात अजून आहेत. पण बहात्तरला खडी फोडायची का होईना, सरकारी कामं होती. तेव्हा तेही नव्हतं. आणि या कुटुंबाला अंगमेहनतीचं काम ठाऊकच नव्हतं. शास्त्री घराण्यातल्या माणसाने हाताने काम करून पोट भरायचं नसतं, असाच नियम होता. भीक मागायला मन धजत नव्हतं. त्यांच्याजवळ जे होतं त्याने त्यांनी शास्त्रात सांगितलेले उपाय केले. अनुष्ठानं केली, उपास केले, ब्राह्मणांना दक्षिणा दिल्या. दागिने गेले, भांडी गेली, चांगले कपडे गेले. शेवटचा पैसा संपला तेव्हा मंडळी तिरुपतीजवळच्या रानात गेली आणि अकरा दिवस झाडपाला खाऊन राहिली.

वडील तोवर आंधळे आणि जर्जर झाले होते. त्यांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. सगळ्यांचा निरोप घेतला. लाडक्या धाकट्या लेकीला जवळ घेऊन तिला देवाच्या हाती सोपवत असल्याचं सांगितलं. त्या वेळी मुलगा श्रीनिवास पुढे झाला. घराण्याची रीत गेली खड्ड्यात, आपण हमाली करू पण वडिलांना मरू देणार नाही, असं त्याने ठरवलं. पण उशीर झाला होता. वडील काही दिवसांत गेले. सहा आठवड्यांत आई गेली. पुढे बहीणही गेली.

आईचं प्रेत उचलायला माणसं मिळेनात. ब्राह्मण बाईच्या तिरडीला ब्राह्मणच हवा, आणि या कफल्लक परक्या पोरांसाठी येतो कोण? कशीबशी दोघांना दया आली. तिसरा खांदा भावाचा, चौथा सोळा वर्षांच्या रमाबाईंचा. स्मशान तीन मैलांवर होतं. रमाबाई ठेंगण्या, खांद्याने उंची जुळेना, म्हणून त्यांनी तिरडीचा दांडा डोक्यावर घेतला.

रमाबाईंनी नियम मोडला नाही. नियमच त्यांच्या घरातली माणसं एकेक करून मोडत गेला. पुढचं सगळं इथून सुरू होतं, असं माझं मत आहे. मिशनऱ्यांनी फूस लावली वगैरे नंतर बोललं गेलं. त्याच्या कितीतरी आधी या मुलीच्या मनात प्रश्न उभा राहिला होता.

भाऊबहीण तरीही चालत राहिले. दक्षिणेतून थेट काश्मीरपर्यंत आणि तिथून पूर्वेला कलकत्त्यापर्यंत, हजारो मैल. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने मरू नये म्हणून वाळूत खड्डा करून दोघं त्यात झोपत आणि वर वाळू ओढून घेत. वाटेत त्यांनी देवस्थानांचे चमत्कार डोळ्यांनी तपासले. एका तळ्यात सात डोंगर तरंगतात, आणि पुण्यवान माणूस काठावर आला की ते आपणहून त्याच्याकडे येतात, असं पुराणात वाचलेलं. हे दोघं गेले तर डोंगर जागचे हलेनात. तळ्यात मगरी आहेत, पाण्यात उतरू नका, असं पुजाऱ्यांनी बजावलं होतं. श्रीनिवास पहाटे कुणी नसताना पोहत गेला. जवळ जाऊन बघतो तर तराफ्यांवर माती टाकून झाडं लावलेली, आणि मागे होडी. दक्षिणा मिळाली की मागचा माणूस ढकलायचा आणि डोंगर भक्ताच्या भेटीला यायचे.

कलकत्त्यात सरस्वती झाली

१८७८ साली कलकत्त्यात मोठमोठ्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली. तिची विद्या पाहून ते थक्क झाले आणि पंडिता आणि सरस्वती या पदव्या त्यांनी तिला दिल्या. देशभर नाव झालं. आता ज्या धर्मग्रंथांनी हा मान मिळवून दिला, ते आणखी खोल वाचायला रमाबाईंनी घेतले. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचायला दिला. बाईने वेदाला हात लावायचा नसतो अशा समजुतीत वाढलेल्या रमाबाई आधी बिचकल्या.

वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आलं की हे ग्रंथ शेकडो गोष्टींवर एकमेकांशी भांडतात, पण दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकमत आहे. बाई ही जात मुळात वाईट आहे, आणि बाईला व शूद्राला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही. रमाबाईंच्या मते तिला आशा एकच ठेवली होती, नवऱ्याला देव मानून त्याची सेवा करणं. जिला सरस्वती म्हणून हार घातले, तिला तिच्याच पोथीत दार बंद होतं.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी लग्न केलं. तो ब्राह्मण नव्हता. झालं, पहिली बदनामी इथे झाली. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा वारला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. नवऱ्याच्या पुस्तकांत एक बंगाली पुस्तिका सापडली होती, लूकचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी एक. रमाबाईंनी ती आवडीने वाचली. ख्रिस्ती व्हावंसं वाटतं असं त्या बोलल्या तेव्हा नवऱ्याला ते रुचलं नव्हतं.

तान्ही पोर घेऊन चोविसाव्या वर्षी विधवा झालेली ही बाई पुण्याला आली. न्यायमूर्ती रानडे आणि सुधारक मंडळींनी स्वागत केलं. १८८२ च्या जूनमध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला. सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, हंटर कमिशनपुढे, साक्ष देताना बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करा, पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायला लाजून हजारो बायका मरतात, हे ठणकावून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून त्यांनी स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून त्याच्या विक्रीवर इंग्लंडच्या बोटीचं भाडं जमवलं आणि १८८३ मध्ये त्या लेकीला घेऊन निघाल्या. कानाने कमी ऐकू येत होतं आणि ते वाढत चाललं होतं, त्यामुळे डॉक्टरकी राहूनच गेली.

बाप्तिस्मा आणि बोभाटा

इंग्लंडात वाँटेज या गावी त्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात उतरल्या. लंडनजवळ त्या जोगिणींचं एक घर होतं. समाजाने वाईट चालीची म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, काम शिकवत, माणसात आणत. रमाबाईंनी ते पाहिलं आणि त्या चकित झाल्या. त्यांनी वाचलेल्या धर्मशास्त्रात अशा बाईला शिक्षा सांगितलेली होती. इथे तिची सेवा का करतात, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. परक्या जातीची, पाच नवरे झालेली, आता भलत्याबरोबर राहणारी ती बाई. यहुदी लोक शोमरोन्यांचा विटाळ मानत. येशूने तिच्याकडे पाणी मागितलं आणि देवाची खरी उपासना कुठल्या डोंगरावर किंवा देवळात बांधलेली नाही हे तिला, एका बाईला, समजावून सांगितलं.

रमाबाईंना ही गोष्ट का भिडली असेल, हे विटाळ आणि पाणवठा माहीत असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

बातमी इकडे आली आणि बोभाटा झाला. काल ज्यांनी सरस्वती म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच लालुचीने बाटली, पैशाला भुलली असं लिहिलं. सुधारक म्हणवणाऱ्यांनाही तोंड दाखवायची चोरी झाली. महाराष्ट्रात उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले ते महात्मा जोतीराव फुले. १८८५ मध्ये त्यांनी सत्सार नावाची पुस्तिका काढून रमाबाईंचा पक्ष घेतला. ब्राह्मण घरातली विदुषी शास्त्रं तपासून ती नाकारते याचा अर्थ जोतीरावांना बरोबर कळला होता.

पण आता जो भाग येतो तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्मा घेतला म्हणजे आता चर्च सांगेल ते मुकाट ऐकतील, अशी तिथल्या मंडळींची समजूत होती. ती लवकरच फिटली. रमाबाईंनी मांस-अंडी खायला नकार दिला, साडी सोडली नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, आपल्या लोकांना ती कळत नाहीत, संस्कृत का चालत नाही, असा सवाल केला. तिथल्या एका मोठ्या कॉलेजात त्या शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातले बिशप आडवे आले. बाईने पुरुषांना शिकवणं त्यांना पटेना. भरसभेत पंडितांशी वाद घातलेल्या रमाबाईंना हे ऐकून काय वाटलं असेल! ज्या जोगिणीने त्यांना लेकीसारखं मानलं होतं, तिच्याशीच त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. श्रद्धेची एकेक बाब त्या उलटून पाहात होत्या आणि पटल्याशिवाय मान डोलवत नव्हत्या. मोठ्या कष्टाने एका पुरोहितशाहीच्या जुवाखालून मान काढली ती दुसऱ्याच्या जुवाखाली घालायला नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवलं. देवाशी आपला थेट संबंध आहे, मधल्या माणसाच्या हुकमाने आपण चालणार नाही, ही त्यांची भूमिका होती.

म्हणजे इकडचे म्हणत बाटली, तिकडचे म्हणत गर्विष्ठ आहे, ऐकत नाही.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. नातेवाईक असलेल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होत होत्या, त्या समारंभाला. तिथे त्यांनी देशभर फिरून व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथे आलेली पहिली विधवा गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांनी याच गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं.

सदनात धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, अशी अट होती आणि रमाबाईंनी ती मान्य केलेली होती. मात्र आपली प्रार्थना त्या दार उघडं ठेवून करत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात कुजबुज सुरू झाली आणि १८९३ मध्ये भडका उडाला. लोकमान्य टिळकांच्या केसरीने कडक टीका केली. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं बाहेर पडली. पंचवीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं. टीका करणारे सगळेच खोटं बोलत होते असं म्हणता येणार नाही, कारण पुढे सदनातल्या काही मुली खरोखर ख्रिस्ती झाल्या. विश्वासाने लेक सोपवणाऱ्या बापाच्या मनाला ते लागणारच. पण त्याच मुलींची घरी केशवपन करून, लाल आलवण नेसवून, एका वेळच्या जेवणावर काय दशा होत होती, याबद्दल त्यातल्या फार थोड्यांनी लिहिलं. आणि दार बंद करून देव भजणं रमाबाईंच्या स्वभावात नव्हतं.

या सगळ्या धामधुमीत, १८९१ च्या सुमाराला, त्यांच्या आत एक वेगळीच घडामोड झाली. एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. वर्षानुवर्षं पाद्रीपण करून, सगळे विधी पाळून, आपल्याला देव भेटलेलाच नाही हे त्या माणसाला कळलं होतं. रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली, बदनामी सोसली, पण आपल्याला मिळाला तो ख्रिस्ती धर्म, ख्रिस्त नाही, अशी त्यांची खात्री झाली. लहानपणी व्रतं, दक्षिणा आणि क्षेत्रं होती, आता विधी आणि मतं होती, हिशोब तोच. आपण काहीतरी करून देवाला राजी करायचं, हाच दोन्हीकडचा पाया. तो त्यांनी सोडून दिला. देवाची कृपा विकत मिळत नाही, ती फुकट आहे आणि आपल्यासारखीला आजच्या आज आहे, हे मानून त्यांनी स्वतःला येशूच्या हाती दिलं. त्यांनी स्वतः लिहिलेल्या साक्षीत बाप्तिस्म्यापेक्षा या घटनेला जास्त जागा आहे.

केडगावचा माळ

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, मध्य प्रांतात. ऐकून रमाबाईंना तिरुपतीचं रान आठवलं नसेल तरच नवल. शाळेत पैसा नव्हता, तरी त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांभोवती तरण्या पोरी पळवून विकणारे दलाल फिरत होते. भुकेली, आजारी, चिंध्यांतली पोरंबाळं त्यांनी गाड्या भरून आणली. वर्षभरात तीनशेच्या घरात बायका-मुली जमल्या. पुण्यात प्लेग होता, नवीन माणसं शहरात ठेवायला सरकारची मनाई. मग केडगावला आधीच शेतीसाठी घेतलेली शंभरेक एकर जमीन कामी आली. सुरुवातीला तिथे धड छप्परही नव्हतं.

याच प्लेगच्या काळात सरकारी छावणीत आपल्याकडच्या एका मुलीचे हाल झाल्याचं कळताच रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून इंग्रज सरकारला उघडं पाडलं. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. त्यांना साहेबांची हस्तक म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विचारात घेतली नाही.

१८९८ मध्ये केडगावच्या वसाहतीचं मुक्ती सदन म्हणून रीतसर काम सुरू झालं. १९०० च्या मोठ्या दुष्काळात गुजरात-राजपुतान्यातून आणखी बायका आल्या आणि आकडा दोन हजारांच्या जवळ गेला. कुठल्याही जातीची येवो, पंगत एक आणि विहीर एक. आलेल्या बाईला नुसतं बसवून खायला घालायचं नाही, हात चालले पाहिजेत, असा दंडक होता. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, दूधदुभतं, बागाईत, छापखाना सगळं बायकाच सांभाळत. आंधळ्या बायकांना मनोरमाबाई बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवत. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन नावाचं वेगळं घर होतं. इंग्लंडात पाहिलेल्या त्या घराची आठवण रमाबाईंनी मोडू दिली नव्हती.

१९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर-किल्लारी भागातली बाराशेच्या आसपास मुलं भारतीय जैन संघटनेने पुण्याला नेऊन वाढवली, शिकवली. आपल्या माणसांवर वेळ आली तेव्हा परक्या गावाने पोरं सांभाळली तर त्याची किंमत काय असते, हे या भागाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. केडगावला आलेल्या पोरींमागे संघटना नव्हती, सरकार नव्हतं. एक बहिरी होत चाललेली, जातीने टाकलेली विधवा होती.

या कामाचा एक धागा आपल्या बाजूलाही येतो. उमरग्याहून आळंदमार्गे गुलबर्गा फार लांब नाही. तेव्हा धाराशिव काय नि गुलबर्गा काय, दोन्ही निजामाच्या राज्यात. मुलींच्या शिक्षणाची तिथली अवस्था पाहून मायलेकींनी १९१२ च्या सुमारास गुलबर्ग्यात शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी ती सांभाळली.

रमाबाईंचं शेवटचं मोठं काम म्हणजे बायबलचं मराठी भाषांतर. आधीचं मराठी बायबल होतंच, पण त्यातले जड शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. जन्मभर संस्कृत जगलेल्या या पंडितेने मुद्दाम साधी बोली निवडली. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या. पंधरा वर्षांहून जास्त काळ हे चाललं. खिळे जुळवायला, छापायला, बांधायला मुक्तीतल्या बायकाच. दुष्काळातून उचलून आणलेल्या, अक्षरही न येणाऱ्या पोरी आता धर्मग्रंथाचा फर्मा जुळवत होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळिशीची लेक, आईचा उजवा हात, पुढे सगळं तीच बघणार होती. रमाबाई खचल्या पण मुद्रितं तपासायचं थांबवलं नाही. अंगात ताकद उरली नव्हती, ऐकू तर जवळपास येतच नव्हतं. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावातच त्यांचा देह पडला. वय चौसष्ट पूर्ण व्हायला अठरा दिवस कमी होते. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. मुक्तीचं काम केडगावला अजून चालू आहे.